इंजिन ऑइल आणि फिल्टर: कुठलं घ्यायचं, कधी बदलायचं (बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी)

स्पेअर पार्टच्या दुकानात ‘ऑइल द्या’ म्हटलं की काउंटरवरून उलटा प्रश्न येतो, ‘कसलं? ट्वेंटी-फॉर्टी, टेन-थर्टी, का फुल सिंथेटिक?’ नवा गाडीवाला तिथंच अडकतो आणि दुकानदार पुढं सरकवील तो डबा घेऊन निघतो. गॅरेजमध्ये गेल्यावर मेस्त्री म्हणतो, ‘हे कशाला आणलासा? आपल्याकडचं घालू की.’ दोघंही वाईट नसतात. पण दुकानदाराला रॅकवरचा माल खपवायचा असतो, मेस्त्रीकडं एकच बॅरल उघडलेलं असतं, आणि तुमची गाडी कुठली, ती कुठं फिरते, हे दोघांपैकी कोणी विचारलेलं नसतं. ते तुम्हालाच माहीत असायला हवं. खाली दुचाकी, चारचाकी आणि थोडं ट्रॅक्टरचंही दिलं आहे. आपल्याला लागेल तेवढं घ्या.

१. आधी एवढं जवळ ठेवा

- गाडीचं मॅन्युअल. सेकंडहँड गाडीसोबत ते बहुतेक वेळा येत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल आणि वर्ष टाकून पीडीएफ मिळते.
- आर.सी. त्यावर बनावटीचा महिना-वर्ष आणि बीएस-४ की बीएस-६ (धुरातल्या प्रदूषणाचे सरकारी निकष) हे कळतं. पार्ट घेताना चेसिस नंबर विचारला तर तोही इथंच आहे.
- मागच्या सर्व्हिसचं बिल. नसेल तर गाडी घेतल्या घेतल्या एकदा ऑइल आणि फिल्टर बदला, आणि तिथून हिशोब सुरू करा. ‘परवाच बदललंय ओ’ या विकणाऱ्याच्या शब्दावर पुढचे पाच हजार किलोमीटर काढू नका.
- एक छोटी वही किंवा मोबाइलमधली नोंद: तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर.

मॅन्युअलमध्ये सगळं वाचायची गरज नाही. तीन गोष्टी शोधा: ऑइलचा ग्रेड, किती लिटर लागतं, आणि मेंटेनन्सचा तक्ता. तक्त्याखाली बारीक अक्षरात ‘सिव्हियर कंडिशन’ म्हणून एक भाग असतो. धूळ, चढ, ओझं, सारख्या छोट्या फेऱ्या. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात गाडी चालवत असाल तर तो भाग तुमच्यासाठीच छापलाय असं समजा. बहुतेक लोक वरचाच तक्ता वाचतात.

२. डब्यावरचे आकडे

५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० हे एसएईचे (अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेचे) ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-दाट ते. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. जितका लहान, तितकं सकाळच्या पहिल्या स्टार्टला ते वरपर्यंत लवकर पोचतं. इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या काही सेकंदांत होते. मागचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती दाट राहतं त्याचा.

आपल्याकडं एक समज पक्का बसलाय: उन्हाळा कडक, म्हणून दाट ऑइल बरं. मेस्त्रीही सांगतो, ‘वीस-पन्नास घाला, इंजिन गार राहतंय.’ जुन्या, ढिल्या झालेल्या इंजिनाला ते काही वेळा लागू पडतं. पण मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलेल्या आजच्या पेट्रोल कारमध्ये वीस-पन्नास ओतलं तर बारीक वाटांमधून ते वेळेवर पोचत नाही, इंजिन जड चालतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. बेळगावात बर्फ पडत नाही मग शून्य कशाला, असंही विचारतात. कंपनीनं तो ग्रेड हवामानापेक्षा इंजिनातल्या मोकळ्या अंतरांकडं आणि इंधनबचतीकडं बघून ठरवलेला असतो. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिले असतील तर आपल्या उन्हाळ्यासाठी त्यातला दाट चालतो. यादीबाहेर जाऊ नका.

दुसरी खूण एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची), ती दर्जा सांगते. एस पासून सुरू होणारी अक्षरं पेट्रोलसाठी (एसएन, एसपी), सी पासून सुरू होणारी डिझेलसाठी (सीआय-४, सीके-४). दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. मॅन्युअलमध्ये एसएन असेल तर एसपी चालतं. उलट चालत नाही.

३. दुचाकीवाल्यांनी ‘जासो’ बघितल्याशिवाय डबा घेऊ नये

बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर बहुतेक वेळा एकाच ऑइलमध्ये भिजतात. म्हणून बाइकच्या डब्यावर जासो (जपानी वाहन मानक) एमए किंवा एमए-२ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ क्लच घसरणार नाही इतकी पकड हे ऑइल ठेवतं. कारच्या पातळ ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं जास्त असतात. घरात कारचं अर्धा लिटर उरलंय म्हणून ते बाइकमध्ये ओतलं तर चढावर रेस वाढते आणि गाडी मात्र ओढत नाही. एपीआयच्या गोल शिक्क्यात खाली ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं दिसलं तर तो डबा बाइकसाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

स्कूटरचं वेगळं. अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर यांसारख्या गिअर नसलेल्या गाड्यांत क्लच कोरडा असतो, म्हणून त्यांना जासो एमबी. बाइकचं ऑइल स्कूटरमध्ये गेलं तर आभाळ कोसळत नाही. स्कूटरचं बाइकमध्ये जाऊ देऊ नका.

साधारण असं दिसेल: स्प्लेंडरसारख्या १०० सीसी बाइकना १०डब्ल्यू-३०, पल्सरला २०डब्ल्यू-५०, रॉयल एन्फिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०. तरी वर्ष आणि मॉडेलप्रमाणे फरक पडतो, तेव्हा मॅन्युअल उघडाच. आणि गिअर नसलेल्या स्कूटरला मागच्या चाकाजवळ वेगळं गिअर ऑइल असतं. थोडंसंच असतं, म्हणून सगळे विसरतात.

४. बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल कार आणि एसयूव्हींमध्ये धुराच्या नळीत डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी पकडते आणि ठरावीक वेळानं जाळून टाकते. साध्या ऑइलमधली राख मात्र जळत नाही, तिथंच साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी-२ किंवा सी-३ अशी खूण किंवा कंपनीचा स्वतःचा कोड असतो. ट्रकच्या बॅरलमधलं पंधरा-चाळीस (१५डब्ल्यू-४०) स्वस्त पडतं म्हणून यात घालू नका. जाळी तुंबली तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो.

या गाड्यांची आणखी एक गंमत आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत जाळी साफ होण्याचं काम अर्धवट राहतं आणि जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. ‘बरंय की, ऑइल खात नाही’ असं म्हणू नका. वरच्या खुणेच्या पुढं गेलं असेल तर किलोमीटर न बघता बदला. आणि आठवड्यातून एकदा गाडी पुणे-बेंगळूर हायवेला काढून हत्तरगीच्या दिशेनं एकसारख्या वेगात वीस-पंचवीस मिनिटं चालवा.

५. मिनरल, सेमी, फुल सिंथेटिक

मिनरल म्हणजे खनिज तेलापासूनचं साधं ऑइल, फुल सिंथेटिक म्हणजे रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं, सेमी म्हणजे दोन्हींचं मिश्रण. यावर लोक उगाच भांडतात. मॅन्युअल सिंथेटिक मागत असेल तर सिंथेटिकच. ०डब्ल्यू-२० सारखे पातळ ग्रेड एरवीही सिंथेटिकच असतात. जुन्या स्प्लेंडरला मिनरल वेळेवर बदललं तर पुष्कळ. चोर्ला किंवा आंबोली घाटातून नेहमी जाणारी टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा असलेली) गाडी असेल तर सिंथेटिकचे पैसे सार्थकी लागतात, कारण ते तापून लवकर करपत नाही. घाट चढून वर थांबलात तर टर्बोवाल्यांनी इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर संथ चालू द्यावं. काउंटरवर मिळणाऱ्या ‘इंजिन फ्लश’ आणि ‘पॉवर बूस्टर’च्या बाटल्यांना हात लावायची गरज नाही.

६. बदलायचं कधी

किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते. हे ‘जे आधी येईल ते’ लोक सोयीनं विसरतात. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी आजोबांची कार असली तरी बारा महिन्यांनी ऑइल बदलायचंच. उभ्या गाडीतही त्यात ओलावा आणि आम्ल साचतं.

नव्या दुचाकीच्या पहिल्या सर्व्हिसला, बहुधा ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान, ऑइल बदलतात, कारण नव्या भागांची झीज होऊन निघालेली धातूची बारीक पूड त्यात असते. ती सर्व्हिस चुकवू नका. पुढं बऱ्याच बाइक-स्कूटरना ३,००० ते ६,००० किलोमीटर आणि पेट्रोल कारना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा हिशोब मॅन्युअलमध्ये दिसतो. हे आकडे चांगल्या रस्त्यासाठीचे. आता आपल्याकडं काय चालतं ते बघा.

धूळ. खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूची तांबडी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडं काळ्या रानाची धूळ. ऊस हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, डबल ट्रॉलीच्या मागून कारखान्याच्या रस्त्यानं रोज ये-जा असेल तर एअर फिल्टर आणि ऑइल दोन्हींवर भार पडतो.

पाऊस. खानापूर तालुक्याच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हवा कोरडी होतच नाही. अशा दिवसांत टिळकवाडीतून मार्केटपर्यंत दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली, परत तेवढंच आलात, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते ती यामुळंच. तेवढ्यानं घाबरू नका. गाडी एकदा लांब फिरवून आणा. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर पाणी आत शिरलंय. गाडी चालवू नका, मेस्त्रीला बोलवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात निपाणी, चिकोडी, गोकाक भागात ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना हे सांगायला नको: बुडालेली गाडी सेल्फ मारून बघायची नाही. आधी ऑइल, फिल्टर, एअर फिल्टर काढून तपासायचं.

घाट आणि ओझं. गोव्याला भाजी नेणारी पिकअप आणि शनिवार-रविवारी फिरायला जाणारी कार यांचा हिशोब एक असू शकत नाही.

यातलं काही तुमच्या रोजच्या वापरात बसत असेल तर मॅन्युअलमधलं साधं अंतर साधारण निम्मं धरा. दहा हजारांचं पाच हजार, सहा हजारांचं तीन. हायवेनं रोज निपाणी-कोल्हापूर करणाऱ्यानं निम्मं करायची गरज नाही. लांब, एकसारखं चालणं इंजिनाला मानवतं. उलट ‘दर दोन हजारला बदलाच’ असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. तो सल्ला जुन्या ऑइलांच्या काळातला आहे.

रंगावरून ठरवू नका. डिझेल गाडीत नवं ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बोटांत चोळल्यावर कचकच लागली, जळका किंवा पेट्रोलचा वास आला, नाहीतर पातळी सारखी खाली जात असेल, तर मात्र लक्ष द्या.

ट्रॅक्टरला किलोमीटर नाही, तास. नव्याची पहिली सर्व्हिस बहुधा ५० तासांना आणि पुढं बऱ्याच मॉडेलना दर २५० तासांना. मीटर बंद पडला असेल तर आधी तो दुरुस्त करा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत तास किती झाले याचा अंदाज कुणालाच लागत नाही.

७. फिल्टर: तीन-चार आहेत, सगळ्यांचं वागणं वेगळं

ऑइल फिल्टर. कारमध्ये ऑइल बदलताना तो बदलायचाच. ‘एक आड एक बदलला तरी चालतंय’ हे ऐकाल. पण जुन्या फिल्टरमध्ये जुनं घाणेरडं ऑइल राहतं आणि ते नव्यात मिसळतं. फिल्टर पूर्ण तुंबला तर आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनात फिरत राहतं. तुम्हाला बाहेरून काही कळत नाही. स्वस्त नकली फिल्टरमध्ये ऑइल मागं न उतरू देणारं रबर टिकत नाही, म्हणून सकाळी स्टार्ट केल्यावर क्षणभर खडखड ऐकू येते. सगळ्या दुचाकींना मात्र कागदी ऑइल फिल्टर नसतो. स्प्लेंडर, अ‍ॅक्टिव्हात जाळी असते, ती धुवायची. तिथं कुणी ‘ऑइल फिल्टर बदलला’ म्हणून बिल लावलं तर काढलेला जुना दाखवा म्हणा.

एअर फिल्टर. आपल्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडं होतं, आणि माझ्या मते ऑइलच्या ब्रँडपेक्षा याच्याकडं बघणं दहापट महत्त्वाचं आहे. फिल्टर फाटला किंवा नीट बसला नाही तर तांबडी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासून काढते. कोरडा कागदी असेल तर हलकेच आपटून, आतून बाहेरच्या दिशेनं कमी दाबाची हवा मारून साफ करता येतो. चिकट, तेलकट कागदाचा असेल (होंडा-हिरोच्या बऱ्याच गाड्यांत असतो) तर हवा मारायची नाही, धुवायचा नाही, फक्त बदलायचा. गॅरेजमध्ये सवयीनं त्यालाही हवा मारतात. आधीच सांगून ठेवा. फोमचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, थोडं ऑइल लावून पिळून बसवायचा. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ क्लीनरमध्ये खुणेपर्यंत ऑइल हवं. नांगरट किंवा रोटर चालू असताना वाटी रोज उघडून बघा. तळाशी गाळ साचलेला दिसला की धुऊन नवं भरा.

डिझेल फिल्टर. पावसाळ्यात यात पाणी साचतं. खाली ड्रेनचा स्क्रू असतो, तो ढिला करून पाणी सोडायचं. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी. फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये एअर धरते, ती हातपंपानं काढल्याशिवाय गाडी स्टार्ट होत नाही. तेव्हा सेल्फ मारत बसून बॅटरी उतरवू नका.

एसीचा केबिन फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागं असतो. पाच मिनिटांचं काम, घरी करा.

८. खरेदी करताना

इंधन भरायला लोक राज्याची हद्द बघतात. कोगनोळी नाक्याच्या अलीकडं-पलीकडं पेट्रोलच्या दरात फरक असतो, कारण त्यावरचा कर राज्याचा. ऑइल आणि फिल्टर जीएसटीत येतात, कर दोन्हीकडं सारखाच. तेव्हा ऑइल स्वस्त पडेल म्हणून शिनोळी-कोल्हापूरची फेरी मारण्यात अर्थ नाही. कुठं खूपच स्वस्त मिळत असेल तर कराचं कारण नाही, मालाबद्दल शंका घ्या.

डुप्लिकेट ऑइल नामांकित ब्रँडच्या जुन्या डब्यांत भरूनच येतं. झाकणाची रिंग अखंड आहे का, खालचं सील चिकटवलेलं वाटतंय का, बॅच नंबर आणि तारीख पुसट आहे का ते बघा. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा. पक्कं बिल घ्या. रिकामा डबा घरी आला की त्याला भोक पाडा, म्हणजे तो परत बाजारात जाणार नाही.

गॅरेजमध्ये ऑइल घालायचं असेल तर डबा तुमच्या समोर उघडायला लावा. वॉरंटीतली गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच द्या, आणि तिथंही जॉब कार्डवर ऑइलचा ग्रेड लिहून घ्या. नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहिलेलं बिल पुढं काही कामाचं नसतं.

९. घरी बदलणार असाल तर

लागेल ते: बरोबर मापाचा रिंग पाना, फिल्टर पाना, ट्रे, नरसाळं, चिंध्या, ड्रेन नटाचा नवा वॉशर. कारसाठी जॅकसोबत स्टँड हवेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही.

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा. फार तापलेलं ऑइल हात भाजतं, थंड ऑइल गाळ सोडत नाही. गाडी सपाट जागी ठेवा. भरायचं झाकण उघडा, मग खालचा नट काढा आणि दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. फिल्टर काढल्यावर त्याचं जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहिलेलं नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर रस्त्यात सगळं ऑइल सांडतं. नव्या फिल्टरच्या रबराला नवं ऑइल पुसा, हातानं फिरवत न्या, रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आणखी. पान्यानं आवळू नका. पाना फक्त काढायला.

ड्रेन नटावर ताकद दाखवायची नाही. खालचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आटे सहज जातात. गेलेच तर उद्यमबागेतला लेथवाला नवे आटे पाडून देतो, पण त्यात दिवस जातो.

भरताना मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी घाला, मिनिटभर इंजिन चालवून फिल्टरखाली गळती बघा, पाच मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ. जास्त भरणं कमी भरण्याइतकंच वाईट, ऑइल फेसाळतं. हिरो-होंडाच्या बऱ्याच दुचाकींत डिपस्टिक फिरवून आवळायची नसते, नुसती टेकवून काढायची. आवळून बघितलं तर पातळी चुकीची दिसते.

१०. जळकं ऑइल

गटारात, विहिरीच्या कडेला किंवा बांधावर ओतू नका. सेंट्रिंगच्या फळ्यांना, वाळवी लागू नये म्हणून खांबांना ते लावतात खरं, पण त्यात धातूचे अंश असतात. गोठ्याच्या आणि पाण्याच्या जवळपास तर नकोच. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. तिथून ते परवानाधारक रिफायनरवाल्यांकडं जातं. जुना फिल्टर ट्रेमध्ये उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या आणि त्याच कॅनसोबत देऊन टाका.